दृति, घट व सांगड : मासेमारीच्या तरंडांवरील साहित्ययोजनेचा विचार

यवतमाळ जिल्ह्यांतील मोठ्या जलाशयांवर आज मासेमारीचें जें साधन सर्रास दिसतें, तें म्हणजे मालमोटारीच्या चाकांतील हवा भरलेली रबरी ट्यूब. हें साधन पाहणारास तें गरिबीनें सुचविलेली एक आधुनिक तडजोड वाटतें, आणि म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाचें लक्ष तिकडे जात नाहीं. आमचें मत याहून निराळें आहे. रबर नवें आहे. पण वाऱ्यानें फुगविलेल्या पोकळ वस्तूवर बसून मासे धरावे, आणि जाळें, टोपली, वल्हें हें सर्व त्या वस्तूस छिद्र न पाडतां जागच्या जागीं ठेवावें, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचीं जीं उत्तरें निरनिराळ्या काळीं निघालीं, त्यांचा माग शब्दांतून व शिल्पांतून लागतो. तो येथें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

प्रथम स्थळाचा निर्देश करणें अवश्य आहे. इ. स. १९०५ पर्यंत या जिल्ह्यास वणी जिल्हा असें नांव होतें. याच्या पूर्वेकडून वर्धा व दक्षिणेकडून पैनगंगा वाहते. अडाण, अरुणावती, पूस व बेंबळा या आंतील मुख्य नद्या होत. यांचें पाणी पावसाळ्यांत दुथडी वाहतें व उन्हाळ्यांत डोहांपुरतें उरतें. अशा नदींत भोई, ढिवर इत्यादि मासेमारांस नावेची गरज बेताचीच पडे. कमरेएवढ्या पाण्यांत उभें राहून जाळें फेकतां येई, किंवा नदीच्या अरुंद पात्रास आडवें जाळें बांधतां येई. पुसदजवळचें पूस नदीवरील धरण इ. स. १९७१ त व पैनगंगेवरील इसापूरचें धरण इ. स. १९८२ त पुरें झालें. दिग्रसजवळ अरुणावतीवर व बाभुळगांवच्या बाजूस बेंबळेवरही धरणें झालीं. त्यामुळें पाण्याचें स्वरूपच पालटलें. जेथें पाय टेकत तेथें खोल पाणी आलें. फेकजाळ्याच्या जागीं पाण्यांत उभें टांगावयाचें नायलॉनचें लांब जाळें आलें, आणि तें लावण्यास व काढण्यास तरंगणारें आसन हवें झालें. लाकडी नाव महाग, ट्यूब स्वस्त. तेव्हां या जिल्ह्यांत ट्यूबेचा प्रसार हा नदीकडून जलाशयाकडे झालेल्या स्थित्यंतराचा परिणाम होय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

आतां या साधनाची रचना पाहूं. ट्यूबेच्या मध्यभागीं दोरीची जाळी विणतात किंवा एक फळी आडवी बांधतात. त्यावर मनुष्य पाय पाण्यांत सोडून बसतो. दोन हातांत दोन लहान फळ्या घेऊन तो पाणी मागें सारतो. जाळें पुढच्या बाजूस अशा घड्या घालून ठेवतात कीं, जें टोंक आधीं सोडावयाचें तें वर राहावें. मासे ठेवण्याची पिशवी ट्यूबेस बांधून पाण्यांतच लोंबत सोडतात, म्हणजे वजनही पडत नाहीं व मासे ताजे राहतात. शिंगाड्यासारख्या माशाचा कांटा रबरास लागूं नये म्हणून जाळ्याखालीं गोणपाट अंथरतात. हवा भरण्याचें तोंड आंतल्या बाजूस वळवून त्यावर चिंधी गुंडाळतात, नाहीं तर जाळें त्यांत अडकतें. या सर्व योजनेंत एकही खिळा नाहीं. जें आहे तें बांधलेलें आहे. वायूनें भरलेल्या वस्तूस खिळा चालत नाहीं, हाच येथील मुख्य नियम, आणि पुढील विवेचनाचें सूत्रही हेंच.

संस्कृत वाङ्मयांत या जातीच्या वस्तूस ‘दृति’ असा शब्द आहे. कोशांत त्याचा अर्थ ‘चामड्याची पिशवी, पखाल’ असा मिळतो व वाचक तेवढ्यावर समाधान मानतो. परंतु दृतीचा आकार कसा होता, हें ग्रंथांवरूनच ठरवितां येतें. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मंडूकसूक्तांत (७.१०३) कोरड्या तळ्यांत पडून राहिलेल्या बेडकास वाळलेल्या दृतीची उपमा दिली आहे, म्हणजे वारा किंवा पाणी नसतां ही वस्तु चपटी व सुरकुतलेली होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत (२.९९) सर्व इंद्रियांपैकीं एक जरी निसटलें तरी त्या वाटेनें प्रज्ञा गळून जाते, असें सांगतांना दृतीच्या पायांतून गळणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त घेतला आहे. दृतीस पाय होते, ही गोष्ट येथें महत्त्वाची. जनावराचें कातडें पोटाशीं न चिरतां अखंड सोलून काढावें, तीन पाय व मान घट्ट बांधावी आणि चौथ्या पायाच्या तोंडानें भरावें किंवा रितें करावें, अशी ही कृति आहे. हिमालयांतील नद्यांवर अलीकडच्या काळापर्यंत जीं फुगविलेलीं कातडीं वापरीत असत, त्यांची घडण अशीच होती, इ. स. १८२० त विल्यम मूरक्रॉफ्ट हा प्रवासी आपल्या लोकांसह व घोड्यांसह सतलज नदी अशाच साधनानें उतरला.

पाणिनीनें ‘दृतिहरि’ हें रूप पशूच्या अर्थीं साधलें आहे (३.२.२५). तेथें दृति वाहून नेणारा पशु अभिप्रेत असल्यामुळें ती पाण्याची पखाल असावी. मग तीच वस्तु तरंडही होती कीं काय? याचें उत्तर कौटिलीय अर्थशास्त्रांत निःसंदिग्ध मिळतें. सैन्यानें पाणी कसें उतरावें हें सांगतांना (१०.२) ग्रंथकारानें हत्ती, पूल, नावा, लाकडांचे व वेळूंचे ताफे यांच्या जोडीस अलाबु म्हणजे भोपळा, चामड्यानें मढविलेली करंडी आणि दृति यांची नांवें घेतलीं आहेत. तेव्हां एकाच कातड्याचे तीन उपयोग दिसतात : पाणी भरलें तर पखाल, वारा कोंडला तर तरंड, व वारा आंतबाहेर खेळविला तर भाता. ‘भाता’ हा मराठी शब्द संस्कृत ‘भस्त्रा’ यापासून आला आहे, आणि भस्त्रा ही दृतीचीच बहीण होय. मध्यप्रांतांतील जातींविषयीं रसेल व हिरालाल यांचा ग्रंथ इ. स. १९१६ त प्रसिद्ध झाला. त्यांत ढिवर ही जात मासेमारी, पालखी वाहणें व घरोघर पाणी भरणें असे तिन्ही धंदे करणारी म्हणून वर्णिली आहे. पाणी वाहणें व पाण्यावर वाहणें या दोन कला एका घरांत नांदाव्या, यांत आश्चर्य नाहीं.

पाणिनीच्या चौथ्या अध्यायांत ‘अमुक साधनानें तरतो तो’ या अर्थाचें एक लहानसें प्रकरण आहे (४.४.५ ते ७). गाईचें शेपूट धरून तरणारा तो ‘गौपुच्छिक’, हें तेथील उदाहरण विद्यार्थ्यांच्या स्मरणांत राहतें. याच प्रकरणावर सातव्या शतकांतील काशिकावृत्तींत ‘नाविक’ याच्या पंक्तींत ‘घटिक’ हें रूप दिलें आहे. घटानें म्हणजे मडक्यानें तरणारा तो घटिक. पुष्कळांस हें केवळ व्याकरणाच्या सोयीसाठीं घेतलेलें उदाहरण वाटतें. परंतु सिंधु नदीवर पल्ला नांवाचा मासा धरणारे मासेमार मोठ्या मातीच्या घटावर पालथे पडून, घटाचें तोंड पोटानें झांकून, पायांनीं पाणी मारीत व हातांत लांब काठीचें जाळें धरीत, हें अनेक प्रवाशांनीं पाहून लिहिलें आहे. सांपडलेला मासा ते त्याच घटांत टाकीत. म्हणजे तरंड व टोपली ही एकच वस्तु. वैयाकरणाचा घटिक हा असा हाडामांसाचा मनुष्य होता.

आतां मराठीकडे वळूं. आपल्याकडे वाळलेला कडू भोपळा हें पोहणें शिकणाराचें जुनें साधन. दोन किंवा अधिक भोपळे जोडले म्हणजे सांगड होते, आणि ‘सांगड घालणें’ हा वाक्प्रचार आज ज्यांनीं नदीही पाहिली नाहीं त्यांच्या तोंडीं आहे. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) बाराव्या अध्यायांत भगवान भक्तांस संसारसागरांतून कसे उतरवितात, याचें एक रूपक आहे. एकट्या आलेल्यांस ध्यानाच्या कासेस लावलें, प्रपंच असलेल्यांस तरीवर घातलें, आणि कोणाच्या पोटास प्रेमाची पेटी बांधून त्यास सायुज्याच्या तीरास आणलें, असा त्याचा आशय. येथें ‘पेटी’ म्हणजे लाकडी संदूक समजल्यास अर्थाचा विपर्यास होतो. पोटास संदूक बांधलेला मनुष्य तरेल कसा? ही पेटी म्हणजे पोहणाराच्या पोटास बांधावयाचें तरंड. कास, तरी व पेटी हीं तिन्ही नदी उतरण्याचीं साधनें असून, ज्याची जशी शक्ति व जसें ओझें तसें त्यास साधन दिलें आहे. वस्तु व्यवहारांतून गेली म्हणजे शब्द आंधळा होतो. साधनांचा इतिहास लिहून ठेवण्याचें हेंही एक प्रयोजन आहे.

परदेशांतील पुरावा याहून जुना व डोळ्यांस दिसणारा आहे. असुर देशाचा राजा दुसरा असुरनासिरपाल (ख्रि. पू. ८८३ ते ८५९) याच्या निमरूद येथील राजवाड्यांतील शिल्पांत फुगविलेल्या कातड्यांवर पालथे पडून नदी तरणारे पुरुष कोरले आहेत, त्यांतील कांहींच्या तोंडांत कातड्याची नळी आहे, म्हणजे तरतां तरतां ते वारा भरीत आहेत. निनेव्हे येथील सेनाखरीबाच्या (ख्रि. पू. ७०५ ते ६८१) शिल्पांत तर कातड्यावर घोड्याप्रमाणें मांड टाकून बसलेला व दोरीनें मासे धरणारा पुरुष आहे, आणि त्याची माशांची टोपली त्याच्या पाठीस आहे. टोपली कातड्यावर कां नाहीं? कारण एका कातड्यास बांधलेलें ओझें तें कातडें उलथें करतें. अनेक कातडीं एकत्र करून वर काठ्यांची चौकट बांधली म्हणजे मात्र ओझें त्या चौकटीवर ठेवतां येतें. तैग्रिस नदीवरील ‘केलेक’ नांवाचे ताफे असेच असत.

रबराच्या युगांतही प्रश्न तोच राहिला. इ. स. १८४४ च्या सुमारास पीटर हॉकेट या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें रबर लावलेल्या कापडाचा असा झगा केला कीं, तो फुगविला म्हणजे एका माणसाची नाव होई. वल्ह्याचें पातें झग्याच्या खिशांत राही व तें हातांतील काठीस जोडतां येई. छत्रीचें शीड होई. पुढें इ. स. १८८८ त डनलप यानें हवेच्या टायरीचा प्रसार केला, आणि जगांत जेथें जेथें मोटार गेली तेथें तेथें तिच्या मागोमाग ट्यूब पाण्यांत उतरली. आज अमेरिकेंत हौशी मासेमार दोन लांबट वायुनलिकांवर धातूची चौकट बसवून मध्यें आसन मांडतात, आणि गळाच्या काठीचा आधार, नांगराची दोरी व साहित्याची पेटी त्या चौकटीस अडकवितात. त्यांस ती नवी युक्ति वाटत असेल. मराठी वाचकानें तिला निःशंकपणें सांगड म्हणावें.

या सर्व उदाहरणांवरून साहित्य ठेवण्याच्या तीनच जागा निघतात. पहिली, मनुष्याचें स्वतःचें अंग : निनेव्हेची पाठीवरील टोपली. दुसरी, तरंडाचें पोट : सिंधूवरील घट. तिसरी, तरंडावर बांधलेली चौकट किंवा जाळी : केलेक, अमेरिकन सांगड व आमच्या जलाशयांवरील ट्यूब. मडक्याचें पोट उघडतां येतें, म्हणून त्यांत मासा जातो. कातड्याचें व रबराचें पोट उघडतां येत नाहीं, म्हणून तेथें पहिली किंवा तिसरी जागा घ्यावी लागते. यावर कोणी म्हणेल कीं, मग पुसदचा मासेमार हा निनेव्हेच्या मासेमाराचा शिष्य ठरतो काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. द्रव्य व गरज सारखी असली म्हणजे हातही सारखाच चालतो. परंपरा व साम्य यांतील हा भेद न पाळल्यामुळें आपल्या संशोधनांत पुष्कळ गोंधळ झाला आहे.

शेवटीं कौटिल्याच्या एका नियमाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस कर्तव्य वाटतें. पुराच्या आपत्तीविषयीं सांगतांना (४.३) त्यानें म्हटलें आहे कीं, वाहून जाणाऱ्यास भोपळे, दृति इत्यादि तरंडांच्या साहाय्यानें वांचवावें, जो मदतीस धांवणार नाहीं त्यास बारा पण दंड, मात्र ज्याजवळ तरंड नाहीं त्यास हा दंड नाहीं. या अपवादांत मोठें तथ्य आहे. ज्याच्या घरीं तरंड, त्याच्यावर गांवाचें ऋण, अशी ही व्यवस्था. म्हणजे मासेमाराचें तरंड हें त्याच्या पोटाचें साधन असून गांवाचें रक्षणसाधनही होय, हें त्या राज्यशास्त्रज्ञानें ओळखलें होतें. आजही नदीकांठच्या गांवीं कोणी बुडाल्याची हांक उठली म्हणजे भोयास व ढिवरास बोलावणें जातें. तो ज्या ट्यूबेवर बसून जातो ती एका कांट्यानें फुटूं शकते, आणि त्याचे पाय ज्या पाण्यांत असतात त्याच पाण्यांत त्याचें नायलॉनचें जाळें असतें. मनूनें सांगितलेली दृतीच्या एका पायाची गळती येथें उपमा राहत नाहीं.

आणखी एक गोष्ट. मोटारींस ट्यूब नसलेले टायर येऊं लागल्यापासून ट्यूब दुर्मिळ होत चालली आहे, व तिच्या जागीं थर्माकोलचे ठोकळे बांधलेले ताफे येत आहेत. थर्माकोलास छिद्राचें भय नाहीं. पण तो झिजून त्याचा चुरा पाण्यांत पडतो. भोपळा गेला व त्याबरोबर ‘पेटी’चा अर्थ गेला, ट्यूबही दोन पिढ्यांचें आयुष्य भोगून जाईल. तिच्या गांठी कशा मारीत, जाळ्याच्या घड्या कोणत्या क्रमानें घालीत, आणि या प्रत्येक कृतीस कोणता शब्द वापरीत, हें वर्धा व पैनगंगा यांच्या कांठच्या मासेमारांच्या तोंडून उतरून घेण्याचें काम कोणाही शिक्षकास आपल्या गांवीं बसून करतां येण्याजोगें आहे. तें आजच व्हावें, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करतों.