कोल्हापुरातून रिमोट काम जमेल का? शहर तपासायची सहा पायऱ्यांची पद्धत

पुण्या-बंगळुरूचं भाडं आणि ट्रॅफिक बघून "आता गावाकडूनच काम करतो" म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. शहर निवडताना त्यातले बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात: भाडं किती आणि फायबर आहे का? एवढ्यावर घर हलवू नका. भर मीटिंगमध्ये चारदा गायब होणारा माणूस मॅनेजरच्या बरोबर लक्षात राहतो, आणि त्याचा परिणाम थेट नोकरीवर होऊ शकतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बंगळुरूच्या टीमसोबत कोल्हापुरातून काम करतो. म्हणून उदाहरण कोल्हापूरचं घेतोय. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख होती, म्हणजे अगदी मध्यम आकाराचं शहर. हीच पद्धत सांगली, नाशिक, सोलापूर कुठेही वापरता येईल.

१. नेट: स्पीड नको, स्थिरता बघा

जाहिरातीतला "१०० एमबीपीएस" हा आकडा सोडून द्या. एका एचडी व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात. बघायचं ते अपलोड, पिंग आणि जिटर. पिंग म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि जिटर म्हणजे त्या वेळातला चढउतार. पिंग ८० मिलिसेकंदावर स्थिर असेल तर कॉल मस्त चालतो. तीच २० वरून ३०० वर उड्या मारत असेल तर आवाज तुटतो.

"शहर लांब म्हणून नेट स्लो" हा गैरसमज आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर-मुंबई अंतर ४०० किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन ४ मिलिसेकंदच होतात. बाकीचा वेळ मधल्या उपकरणांत आणि गर्दीत जातो. म्हणून टेस्ट रात्री ९ वाजता करा, गल्लीतले सगळे मॅच किंवा सिरीज बघत असताना. आणि सलग आठवडाभर करा.

२. लाइट गेली की नेट जातं का?

हा प्रश्न घर बघताना शेजाऱ्यांना नक्की विचारा. घरात इन्व्हर्टर आहे आणि राउटर चालू आहे, तरी नेट बंद, असं का होतं? काही लोकल ऑपरेटर मध्येच एखाद्या बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा खांबावर स्विच बसवतात. त्या स्विचला वीज लागते. एरियातली लाइट गेली आणि त्याला बॅकअप नसला की तुमचं नेटही गेलं. घरापर्यंत येणाऱ्या जीपॉन फायबरमध्ये एक्सचेंजपासून तुमच्या घरापर्यंत सहसा विजेवर चालणारं काही नसतं. तिथे फक्त तुमच्या राउटरला बॅकअप दिला तरी काम भागतं.

राउटर साधारण १० वॅट वीज खातो, त्यामुळे ३० वॅट-अवरचा छोटा मिनी यूपीएस अडीच तासांच्या आसपास टिकतो. भाड्याच्या घरात इन्व्हर्टर नसेल तर हा स्वस्तातला उपाय.

३. दुसरी लाइन खरंच दुसरी आहे का?

समजा एक कनेक्शन महिन्यातला २ टक्के वेळ बंद असतं. ७२० तासांतले हे जवळपास साडेचौदा तास झाले. तशीच, पण पूर्ण वेगळी दुसरी लाइन घेतली, तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ महिन्याला साधारण १७ मिनिटांवर येते. अट एकच, दोन्ही वेगळ्या असायला हव्यात. कंपन्या दोन, पण वायर एकाच खांबावरून येत असतील, तर एक झाड पडलं की दोन्ही बंद.

मोबाइल हॉटस्पॉट हा तिसरा आधार. दोन्ही बाजूंनी १.२ एमबीपीएस धरले तर तासाला साधारण १ जीबी जातो. रोजच्या २ जीबीचा प्लॅन दोन मीटिंगांत संपेल. आणि नेटवर्क ज्या खोलीत बसणार तिथे तपासा, दारात उभं राहून नको.

४. पाऊस आणि पूर

कोल्हापूरसाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला, उपसा केंद्रं पाण्यात गेल्यानं नळाचं पाणी थांबलं आणि काही भागांत वीजही नव्हती.

घर घेण्याआधी ते पूररेषेत येतं का ते बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर उंचावर असलं तरी पाणी, वीज आणि रस्त्याचा प्रश्न उरतोच.

५. ऑफिसनं बोलावलं तर?

पुणे साधारण २३० किलोमीटर. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या मीटिंगला पोचता येतं, पण महामार्गावर काम सुरू असेल तर जास्त वेळ धरा. मुंबईला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, पुण्यासाठी २०२४ मध्ये वंदे भारत सुरू झाली. बंगळुरू मात्र ६०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रात्रभराची बस. वर्षातून किती फेऱ्या होतील ते मॅनेजरकडून लेखी घ्या आणि तो खर्च भाड्याच्या बचतीतून वजा करा.

६. घरातली माणसं

"घरातच आहेस ना, मग जरा बँकेत जाऊन ये." हे वाक्य कुठल्याही स्पीड टेस्टमध्ये दिसत नाही. दार बंद करता येईल अशी खोली आणि घरच्यांशी ठरलेली कामाची वेळ, दोन्ही पहिल्याच आठवड्यात हवं.

मार्क कसे द्यायचे?

सहाही मुद्द्यांना १० पैकी मार्क द्या, पण सरासरी काढू नका. पहिले चार मुद्दे काम बंद पाडणारे आहेत, त्यातल्या एकालाही ५ पेक्षा कमी मिळाले तर ते घर किंवा तो एरिया सोडा. शेवटच्या दोघांवर तडजोड होऊ शकते.

माझा निकाल: पुण्याच्या टीमसाठी कोल्हापूर चांगलं आहे, बंगळुरूसाठी चालण्यासारखं आहे. ज्यांना पावसाळ्यातही एक दिवस चुकवून चालत नाही, म्हणजे ऑन-कॉल किंवा सपोर्टवाल्यांनी, जुलै-ऑगस्टसाठी शहराबाहेर राहायची सोय आधीच करून ठेवावी. आणि घर पक्कं करण्याआधी दोन आठवडे भाड्याच्या खोलीत राहून पूर्ण काम करून बघा. ते दोन आठवडे जुलैतले असू द्या, कारण जानेवारीत सगळीच शहरं छान वाटतात.