मीटरमापी लोहमार्ग आणि वाफेवर चालणारी लघुइंजिने : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

लोहमार्गाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाच्या हाती सामान्यतः तीन प्रकारची साधने येतात : शासकीय कागदपत्रे, नकाशे व आराखडे, आणि प्रत्यक्ष अवशेष. या साधनांवरून मार्ग केव्हा झाला, खर्च किती आला, इंजिनाचा घाट कसा होता हे कळते. परंतु चढ लागण्यापूर्वी बाष्पकात पाणी किती असावे, विस्तव कोणत्या बाजूस दाट ठेवावा, झडपेचा आवाज बदलला म्हणजे काय समजावे, हे त्यांवरून फारसे कळत नाही. हे ज्ञान ड्रायव्हर व फायरमन यांच्या हातांत असते आणि त्या हातांबरोबरच नाहीसे होते. त्याचा काही अंश टिकवू शकणारे एक साधन खेळणे समजून बाजूस ठेवले जाते. खऱ्या वाफेवर चालणारे लघुइंजिन हे ते साधन होय. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. सेलू, मानवत रोड, परभणी व पूर्णा ही स्थानके याच मार्गावरील होत. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत फाटा निघाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा फाटा परभणी जिल्ह्यातच मोडत असे. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे आपल्या ताब्यात घेतली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आणि १९६६ मध्ये नव्या दक्षिण मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. व्यवस्थापने बदलली, तरी रुळांमधील एक मीटरचे अंतर कायम राहिले. मराठवाड्याचा कापूस मुंबईस जावयाचा तर मनमाडला तो एका गाडीतून उतरवून रुंदमापी गाडीत भरावा लागे. हा खोळंबा दूर व्हावा ही या प्रदेशाची जुनी मागणी होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुंदीकरण सुरू झाले आणि २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्गही रुंदमापी झाला.

हे परिवर्तन इष्टच होते. मात्र त्याचा एक परिणाम इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगा आहे. एखादे मीटरमापी इंजिन कितीही काळजीपूर्वक जपले, तरी या जिल्ह्यातील रुळांवर ते आता चालू शकत नाही. चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन आकाराची साक्ष देते, क्रियेची देत नाही. म्हणून मूळ यंत्राची क्रिया पाहावयाची असेल, तर ते यंत्र लहान करून पाहणे हाच एक मार्ग उरतो.

येथे मापांचा एक योगायोग साहाय्यक ठरतो. मार्कलिन या जर्मन कारखान्याने १८९१ मध्ये खेळण्यांतील रूळमापांना क्रमांक दिले. त्यांतील ‘क्रमांक एक’ हे माप पुढे ४५ मिलिमीटर असे स्थिर झाले. हे रूळ १ : ३२ या प्रमाणात प्रमाणमापी मार्गाचे निदर्शक ठरतात, तर १ : २२.५ या प्रमाणात तेच रूळ मीटरमापी मार्गाचे होतात. १९६८ मध्ये न्यूरेंबर्ग येथील लेमान कारखान्याने हेच प्रमाण घेऊन बागेत मांडावयाची रेल्वे बाजारात आणली आणि युरोपात या छंदाचा मोठा प्रसार झाला. या प्रमाणात स्वातंत्र्योत्तर काळातील ‘वायपी’ जातीच्या इंजिनाचे १,३७२ मिलिमीटर व्यासाचे चाक सुमारे ६१ मिलिमीटरचे होते. या जातीची एकूण ८७१ इंजिने १९४९ ते १९७० या काळात तयार झाली. सारांश, परभणीच्या जुन्या मार्गाचे रूप आज बागेतील रुळांवर प्रमाणशुद्ध उतरू शकते.

वाफेच्या लघुइंजिनांची परंपरा याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पितळेची साधी इंजिने विकली जात. ती जमिनीवर धावत आणि मागे पाण्याचा ओघळ सोडीत. १८९८ मध्ये लंडनमध्ये लघुयंत्रकारांची संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी त्यांचे नियतकालिकही निघाले. नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी या इंजिनांचा व्यापार वाढविला. १९२० नंतरच्या दशकाच्या आरंभी या मंडळींत एक वाद माजला : लहान इंजिनास स्पिरिटचा दिवा पुरे, की खऱ्या इंजिनाप्रमाणे कोळसा व अग्निनलिका हव्यात? ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने अडीच इंच मापाच्या कोळशावरील इंजिनाने माणूस ओढून दाखविला. वादाचा विषय खेळण्याचा भासला, तरी लहान यंत्र मोठ्या यंत्राच्या तत्त्वावर चालू शकते काय, हा खरा प्रश्न होता.

याचे उत्तर अंशतः होकारार्थी आहे. लांबी २२.५ पट कमी केली की पृष्ठभाग सुमारे ५०६ पट आणि घनफळ सुमारे ११,३९० पट कमी होते. त्यामुळे पाण्याच्या मानाने उष्णता गमावणारा पृष्ठभाग फार मोठा राहतो. लहान बाष्पक लवकर तापतो आणि लवकर निवतो. पाणीदर्शक काचेची नळी बारीक झाली की पृष्ठताणामुळे पाण्याची पातळी फसवी दिसते. म्हणून लघुइंजिनावरून कोळशाच्या खपाचे वा वेगाचे अनुमान काढणे सर्वस्वी चूक होय. परंतु वाफ, पाणी व विस्तव यांचा परस्परसंबंध, दट्ट्याला तेल पोहोचविण्याची रीत आणि चालकाने सतत राखावयाचे अवधान या गोष्टी त्यात मूळच्याच स्वरूपात राहतात.

जुन्या लघुइंजिनांच्या संग्राहकापुढे यातूनच एक पेच उभा राहतो. इंजिन चालवावे तर भाग झिजतात, न चालवावे तर त्याचे मुख्य प्रयोजन लोपते. मूळ रंग, झाळकामाच्या खुणा व हाताने कापलेले आटे हे कारागिराचे हस्ताक्षरच होय. ते घासून चकचकीत करणारा दुरुस्तीकार पुरावा पुसतो. तथापि बाष्पकाच्या बाबतीत भावनेस स्थान नाही. चांदीच्या झाळेऐवजी शिशाची मऊ झाळ लावलेला सांधा तापल्यावर सुटू शकतो. म्हणून प्रथम बाष्पक पाण्याने पूर्ण भरून, चालू दाबाच्या दुप्पट दाबाखाली तपासावा लागतो. जुन्या वेष्टनांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, तेव्हा ती कोरडी खरवडू नयेत. यावरून दोन नियम निष्पन्न होतात. दुर्मिळ व अविकृत इंजिन आहे तसे राखावे. सामान्य इंजिन चालते करावे, पण काढलेला प्रत्येक भाग जपावा आणि नव्या भागावर वर्ष कोरावे.

महाराष्ट्रात लघुरेल्वेस सार्वजनिक स्थान मिळाल्याचे ठळक उदाहरण पुण्याचे आहे. भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूड भागात खुले झाले. तेथील मुख्य देखावा विजेवर चालतो आणि छताखाली आहे. परभणीसारख्या ठिकाणी उघड्या बागेतील मार्गाला निराळी परीक्षा द्यावी लागेल. येथील काळी रेगड जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर थेट टाकलेले रूळ एका वर्षात वेडेवाकडे होतील. चर खणून मुरूम भरणे वा खांबांवर मार्ग उचलून घेणे भाग पडेल. विहिरीच्या जड पाण्याने बाष्पकात क्षार साचतील, म्हणून पावसाचे पाणी साठवून वापरावे लागेल. मोठा मार्ग बांधणाऱ्यांना व इंजिनांना पाणी पुरविणाऱ्यांना याच माती-पाण्याशी झगडावे लागले होते. कागदपत्रांत या झगड्याची नोंद खर्चाच्या एका रकमेने होते. बागेत मात्र तो हाताला कळतो.

मीटरमापी गाड्यांवर काम केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. चालते लघुइंजिन समोर ठेवून त्या पिढीतील चालकाला प्रश्न विचारले, तर स्मृतीला यंत्राचा आधार मिळेल आणि यंत्राच्या मर्यादाही तोच दाखवून देईल. लघुइंजिन स्वतः इतिहास सांगत नाही. पण तो सांगू शकणारा माणूस हयात असेपर्यंत ते त्याच्यासमोर पेटविले जावे, यातच त्याचे साधन म्हणून मोल आहे.