खोतीचे बिल आणि परळची मते



वेळणेश्वराच्या देवळापासून पूर्वेकडे तोंड करून चालू लागले, की तासाभरात कोकणच्या जमिनीचे सगळे प्रकार पायाखालून जातात. समुद्राला लागून नारळी-पोफळीची आगरे, त्यांच्यामागे पऱ्ह्याच्या काठाने पायरीपायरीने चढत गेलेली भाताची खाचरे, त्यावर डोंगरउताराची वरकस आणि सर्वांच्या वर जांभ्याच्या कातळाचा उघडा सडा. वरकशीत नाचणी-वरी व्हावयाची आणि खाचरांच्या राबासाठी कवळही तिथलाच तोडावयाचा. म्हणजे खाली भात पिकायचे ते वरच्या रानाच्या जिवावर. ज्याच्याकडे नुसते खाचर आहे आणि वरकशीवर हक्क नाही, त्याची शेती अर्धी दुसऱ्याच्या मर्जीवर. हे थर निसर्गाने घातले. त्यांतल्या कोणत्या थरावर कोणाचा किती हक्क, हे मात्र मुंबई-पुण्याच्या कायदेमंडळांत ठरले. त्या ठरण्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

मी कामगार संघटनेतला माणूस. जमिनीच्या इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मुंबईच्या कामगाराचे मूळ शोधीत गेले म्हणजे शेवटी खोताच्या अंगणात येऊन उभे राहावे लागते.

खोत म्हणजे मुळात सरकारसारा गोळा करून भरणारा गावचा मक्तेदार. विजापूरच्या अमदानीपासून ही व्यवस्था चालत आली आणि पेशवाईत तिला वंशपरंपरेचे घट्ट रूप आले. कंपनी सरकार आले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली बहुसंख्य गावे खोती होती. काही गावांत थेट सरकारला धारा भरणारे धारेकरी होते आणि काही गावांत दोन्हींची मिसळ होती. त्यांना ‘खिचडी’ गावे म्हणत. सरकारी दप्तरातही तोच शब्द आहे! खोत सगळे एका जातीचे होते असेही नाही. चित्पावन पुष्कळ होते, पण मराठे होते, मुसलमानही होते. कुळांतही कुणबी, महार, भंडारी, मुसलमान सर्व आले. भांडण जातीच्या रेघेवर होते असे म्हणून जे मोकळे होतात, त्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

कुळाने काय द्यावयाचे? कुठे उत्पन्नाचा अर्धा हिस्सा, म्हणजे अर्धेल; कुठे तिसरा, म्हणजे तिर्धेल. कुणी साऱ्याच्या दीडपट भरी, कुणी दुप्पट. शिवाय वेठ. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबावयाचे, ही ‘आठवेठ’. नांगरणीच्या ऐन दिवसांत कुळाचा बैल खोताच्या खाचरात आणि कुळाचे खाचर वाळत पडलेले. कारखान्यात जादा कामाचा मोबदला मागताना आम्हाला जे शब्द लागतात ते सारे या एका शब्दाच्या उलट अर्थाचे आहेत, असे मला नेहमी वाटते.

इंग्रजांनाही ही गुंतागुंत उलगडेना. कॅप्टन विंगेटने १८५१ साली खोतीवर अहवाल लिहिला. पुढे पैमाशी झाली, १८६५ चा सर्व्हे कायदा आला, आणि कुळाकडून खोताने किती घ्यावे यावर सरकारने मर्यादा घालावयास घेतली. खोत बिथरले. पुष्कळांनी कबुलायती लिहून देण्याचे नाकारले. सरकारने गावे जप्तीत घेतली. हा झगडा कायदेमंडळापर्यंत पोचला, आणि तिथे कोकणच्या जमिनीवर बोलणारा पहिला मोठा कोकणी माणूस उभा होता: रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक.

मंडलीक १८३३ साली दापोली तालुक्यातल्या मुरूडला जन्मले. घराणे खोताचे. मुंबईत येऊन वकिलीत नाव मिळविले, १८६४ मध्ये ‘नेटिव्ह ओपिनियन’ पत्र काढले, धर्मशास्त्राच्या ग्रंथांची भाषांतरे केली, मुंबईच्या कायदेमंडळात नेमणूक झाली आणि १८८४ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातही गेले. असा विद्वान आणि निर्भीड माणूस कोणत्याही जिल्ह्याला भूषणच. खोतीच्या वादात त्यांनी खोतांची बाजू मांडली. त्यांच्या म्हणण्याचे सार असे, की खोताचा हक्क वंशपरंपरेचा, कंपनीच्या राज्याहून जुना. खोत आणि कूळ यांच्यामध्ये सर्व्हे खात्याने येऊन बसणे म्हणजे प्रजेच्या मालमत्तेवर सरकारचा हात. परक्या सरकारपुढे ताठ मानेने मांडलेला हा युक्तिवाद ऐकून आजही मान डोलावी. अडचण एवढीच, की त्या सभागृहातले सारे सभासद सरकारने नेमलेले होते आणि अर्धेल भरणारा, वेठीला जाणारा एकही माणूस तिथे नव्हता. ज्याच्याविषयी वाद, तो वादाच्या बाहेर.

१८८० चा खोती कायदा, मुंबईचा त्या सालचा पहिला कायदा, या ओढाताणीतून निघाला. तो निव्वळ खोतांच्या सोयीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने काही कुळांना कायमचे कूळ म्हणून मान्यता दिली, त्यांचा हक्क वारसाने चालेल असे म्हटले. पण अट पाहा. १८४५-४६ च्या महसुली सालाच्या आधीपासून जमीन सलग वहिवाटीस असल्याचे सिद्ध व्हावयास पाहिजे. पस्तीस वर्षांमागची वहिवाट! निरक्षर कुणब्याने ती कशाने सिद्ध करावी? गावचा हिशेब लिहिणारा खोतच. आणि हक्क मिळाला तरी खोताच्या संमतीवाचून तो दुसऱ्याला देता येत नसे. मग जमीन सुधारावी, बांध घालावा, कलमे लावावी, ही हौस कुळाला कुठून येणार? कोकणची वरकस पिढ्यान्पिढ्या उघडी राहिली. तिथल्या माणसाच्या आळसाकडे बोट दाखविणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हा कायदा वाचलेला नसतो.

कूळ मग मुंबईस जाऊ लागले. गिरण्या निघाल्या होत्याच. परळ, लालबाग, भायखळा येथल्या चाळींतून एकेका खोलीत एकेका गावची माणसे राहू लागली. घरी मनीऑर्डर जाई, आणि तिचा काही भाग खोताच्या देण्यात जाई. गिरणीच्या पगारातून अर्धेल फिटत होती, हे आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत फारसे आढळत नाही. पण त्याच चाळीत आणखी एक गोष्ट घडली. गावात खोतासमोर जो मान वर करीत नसे, तो मुंबईत सभेला जाऊ लागला, संपात उभा राहू लागला. सीताराम केशव बोले यांच्यासारखे, कामगारांत काम केलेले पुढारी १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कौन्सिलात खोतीविरुद्ध बोलू लागले, त्याचे मूळ या चाळींत आहे. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळुणास शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. खोती त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

तिकडे कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांनी तर इतिहासच केला. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी १९३३ मध्ये जमिनी कसण्याचेच बंद केले. संप शेतीचा! गिरणीत यंत्र थांबले तर मालकाचे नुकसान होते. इथे नांगर थांबला तर आधी आपलीच चूल थांबते. तरी ही माणसे सहा वर्षे, १९३९ पर्यंत, टिकली. लाकडे तोडून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. मी संपाच्या वाटाघाटींत बसलेला माणूस आहे. पहिल्या पगाराची तारीख चुकली म्हणजे भल्याभल्यांचे चेहरे कसे होतात ते पाहिले आहे. सहा वर्षे हा आकडा मला अजून पुरता उमगत नाही.

आता १९३७ कडे येऊ. नव्या कायद्याने प्रांतांत निवडणुका झाल्या. मत सर्वांना नव्हते. जमीन, सारा, भाडे, शिक्षण असल्या अटी होत्या आणि गावच्या गरीब कुळातले फार थोडे मतदार होऊ शकले. बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. ते स्वतः निवडून आले ते रत्नागिरीतून नव्हे, मुंबईतून. भायखळा आणि परळच्या मतदारसंघातून. रत्नागिरीतून त्यांच्या पक्षाचे शामराव परुळेकर आले, कुलाब्यातून सुरबानाना टिपणीस. पण बिल मांडणारा सभासद गिरणगावाने पाठविला, हे मला महत्त्वाचे वाटते. मंडलीक मुरूडहून मुंबईला गेले आणि खोतांसाठी बोलले; मुरूडच्या आसपासची कुळेही मुंबईला गेली, आणि साठ वर्षांनी त्यांच्या वस्तीतून त्यांच्यासाठी बोलणारा सभागृहात आला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. त्याची रचना सरळ होती. मधला खोत काढावयाचा. प्रत्यक्ष जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखालचा खातेदार करावयाचे. त्याने सारा थेट सरकारात भरावयाचा. आणि खोताला हक्क गेल्याबद्दल वाजवी मोबदला द्यावयाचा. पुष्कळ उत्साही कार्यकर्त्यांना त्या वेळी मोबदल्याचे कलम रुचले नसेल. आजही विचारतात, तीनशे वर्षे घेतले त्याला वर आणि भरपाई कशाची? मला ते कलम शहाणपणाचे वाटते. मंडलिकांचा सारा युक्तिवाद मालमत्तेच्या पावित्र्यावर उभा होता. मोबदला देऊ केला, की त्या युक्तिवादाला उभे राहावयास जागा उरत नाही. उरतो तो फक्त गावावरचा अंमल आणि वेठ. आणि त्यांची किंमत भर सभागृहात मागावयास कोण उठणार?

बिल मांडले गेले, पण पुढे सरकेना. बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर होते. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले आणि इतर भागांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. खोती रद्द करा ही त्यांतली एक मुख्य मागणी. पंक्तीला आंबेडकरांचे अनुयायी होते, कम्युनिस्ट होते, गिरणी कामगार होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला हीच माणसे औद्योगिक कलह बिलाविरुद्ध संपावर गेली. संप मोठा झाला, तरी ते बिल पास झालेच. सरकारला जे बिल हवे ते संप होऊनही झाले, आणि कुळांना जे हवे ते मोर्चा येऊनही पडून राहिले. काँग्रेसच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की त्यांना सर्व प्रांताचा कूळकायदा करावयाचा होता आणि १९३९ मध्ये तो झालाही. पण खोतीला त्याने मुळातून हात घातला नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बिल तिथेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नवा कूळकायदा आला आणि १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा १५ मे १९५० पासून अमलात आला. मांडणी पुष्कळशी १९३७ चीच: खोत जावा, कुळाचे नाव लागावे, मोबदला ठरावा. नव्या कायद्यावर आंबेडकरांचे नाव नाही. कायद्याच्या बाबतीत असे फार वेळा होते. त्याबद्दल खेद करीत बसण्यात हशील नाही.

खेद करण्याजोगी गोष्ट निराळी. ‘खोत खासगी’ म्हणून नोंदलेली जमीन खोताच्याच नावे राहिली, आणि खासगी कोणती, निसबत कोणती, हे जुन्या दप्तरावरून ठरले. भाताच्या खाचरावर कुळाचे नाव लावणे त्यातल्या त्यात सोपे. बांध दिसतो, पीक दिसते. वरकस आणि सडा यांवर बांध नाही. जिथे कूळ पिढ्यान्पिढ्या कवळ तोडीत आले, तिथला ताबा सिद्ध करणे बिकट झाले. १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कसणाऱ्याला मालक मानावयाचे ठरले, तेव्हा आणखी एक पेच आला. कसणारे हात घरच्या बाईचे, दप्तरात नाव असलेच तर नवऱ्याचे, आणि नवरा परळला. चौकशीच्या तारखेला हजर राहावे तर खाडा. किती तारखा अशा चुकल्या असतील याचा हिशेब कुठेच नाही.

यापुढे कोकणच्या लोकप्रतिनिधींचा आवाज रेल्वेकडे वळला. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ मध्ये निधन होईपर्यंत राजापूरचे खासदार होते. त्यांच्यामागून मधु दंडवते आले, रेल्वेमंत्रीही झाले. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पुरती सुरू झाली. ते मोठेच काम, आणि त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. आगगाडी गुहागर तालुक्यात आली नाही. आम्ही अजून चिपळुणास उतरतो.

पण जमिनीचा प्रश्न मागे पडला तो मिटला म्हणून नव्हे. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि उघड्या वरकशीवर आंबा-काजू उभा राहू लागला. शंभर वर्षे जी हौस कुळाला नव्हती ती उताऱ्यावर नाव लागताच कशी आली, हे पाहण्यासारखे आहे. ज्यांचे नाव लागले नव्हते ते मात्र शेजारच्या कलमांचा मोहर बघत राहिले. त्याच दशकात अंजनवेलच्या बाजूला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला आणि ज्या सड्याला कोणी विचारीत नव्हते त्याला एकदम भाव आला. भूसंपादनाची नोटीस सातबारावरच्या नावाने निघते. कुळाचे नाव त्यात असते ते ‘इतर हक्क’ या रकान्यात, असलेच तर. शिमग्याला गावी आलेला चाकरमानी पालखी नाचवून झाली, की दुसऱ्या दिवशी रजेचा एक दिवस मोडून तलाठ्याकडे जातो, तो त्या रकान्यातली आजोबांच्या नावाची एक ओळ शोधावयाला.