चुकलेल्या हिशेबाची थाळी

शास्त्राचा इतिहास वाचताना आपण यशांची नोंद घेतो. चुकांचे ऋण सहसा मांडत नाही. आयनांबराच्या अभ्यासात ते मांडावेच लागते.

१९५८ साली कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम गॉर्डन यांनी असे सुचवले की, शक्तिमान रडारलहरी वर सोडल्या तर आयनांबरातील सुटे इलेक्ट्रॉन त्यांचा अत्यल्प अंश परतवतील आणि त्या क्षीण प्रतिध्वनीतून तिथली घनता व तापमान कळेल. वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे प्रतिध्वनी कंप्रतांच्या रुंद पट्ट्यात विखुरेल, या हिशेबाने अतिविशाल थाळी आवश्यक ठरली. त्याच वर्षी केनेथ बोल्स यांनी इलिनॉयमध्ये तो प्रतिध्वनी टिपला; पट्टा अपेक्षेहून खूपच अरुंद निघाला. इलेक्ट्रॉन मोकळे नव्हतेच. जड, मंद आयनांच्या चालीने ते चालत होते. लहान थाळीही पुरली असती.

तरीही १९६३ साली पोर्तो रिकोत आरेसिबोची ३०५ मीटर व्यासाची थाळी सुरू झाली. बोल्स पेरूकडे वळले. तिथल्या हिकामार्काच्या रडारवर वुडमन आणि ला हॉस यांनी १९७६ साली रात्रीच्या आयनांबरात उंच उसळणारे लोट दाखवले. ज्याला आपण ‘थर’ म्हणतो, ते किती अस्थिर असते हे तेव्हा चित्ररूपाने दिसले.

आरेसिबोचा टांगता मंच १ डिसेंबर २०२० रोजी थाळीवर कोसळला. तोवर तिने बुधाच्या परिवलनाचा ५९ दिवसांचा काळही उलगडला होता. पहिला हिशेब अचूक असता, तर एवढी थाळी कोणी मागितली असती का?