फ्रेंच-कॅनेडियन वंशावळ: आडनाव बदलते, विवाहनोंद टिकते

क्वेबेकमधील फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबांची वंशावळ पुष्कळदा सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येते. याचे श्रेय कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांना आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद धर्मगुरू ठेवीत असत. फ्रान्समधील १६६७ च्या राजाज्ञेने अशा नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवण्याचा दंडक घातला आणि पुढे वसाहतीतही तो रूढ झाला. एक प्रत चर्चमध्ये राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. क्वेबेक शहरातील सर्वांत जुन्या नोंदी १६४० च्या आगीत नष्ट झाल्या, तेव्हा मात्र हा आधार नव्हता. त्या स्मरणावरून पुन्हा लिहाव्या लागल्या.

एवढी समृद्ध साधने असूनही केवळ आडनावाचा धागा धरणारा शोधक लवकरच वाट चुकतो. त्याचे पहिले कारण ‘दी’ नावे. फ्रेंच ‘दी’ म्हणजे ‘म्हणून ओळखला जाणारा’, आपल्याकडील ‘उर्फ’च्या जवळचा शब्द. १६६५ मध्ये आलेल्या कॅरिन्याँ-सालिएर पलटणीतील सैनिकांना ‘लाफ्लर’ (फूल), ‘सांसूसी’ (निश्चिंत) अशी टोपणनावे असत. इतर कुटुंबांत मूळ गाव, शेतजमीन किंवा पूर्वजाचे नाव यांवरून दुसरे आडनाव जडले. कालांतराने एक शाखा मूळ आडनाव ठेवी, दुसरी केवळ ‘दी’ नाव. क्वेबेकमधील सहकारी पतसंस्थांचे प्रणेते आल्फाँस देजार्दँ यांचे कुटुंब जुन्या कागदपत्रांत ‘र्वा दी देजार्दँ’ असे आढळते. यातील ‘र्वा’चे स्पेलिंग बंगाली ‘रॉय’सारखेच आहे, अर्थ मात्र ‘राजा’.

दुसरा चकवा पाळण्यातल्या नावांचा. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या नावाआधी बहुधा ‘जोसेफ’ आणि मुलीच्या नावाआधी ‘मारी’ लावले जाई. त्यानंतर बरेचदा धर्ममाता किंवा धर्मपित्याचे नाव येई आणि व्यवहारातील नाव पुष्कळदा त्यापुढे असे. माजी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांचे पूर्ण नाव जोसेफ फिलिप पिएर इव्ह एलियट ट्रुडो होते. बालक दगावल्यास तेच नाव पुढच्या अपत्याला देण्याचीही रीत होती. म्हणून एकाच घरात एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या, तर आधी दफनाची नोंद तपासावी.

खरा आधार मिळतो तो विवाहनोंदीत. तीत वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावे सहसा असतात आणि स्त्रियांची नोंद माहेरच्या आडनावाने होते. एका विवाहावरून मागच्या पिढीचे दोन विवाह सापडतात. १६६३ ते १६७३ दरम्यान राजाच्या खर्चाने सुमारे ८०० स्त्रिया या वसाहतीत पाठवण्यात आल्या. ‘राजाच्या कन्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रियांपर्यंत मातृकुळाचा माग नेता येतो, तो याच पद्धतीमुळे. १९८१ पासून क्वेबेकच्या कायद्यानुसार विवाहानंतरही स्त्रीचे जन्मनाव कायम राहते. क्वेबेकमध्ये स्थायिक होऊन विवाह करणाऱ्या मराठी वधूलाही हाच नियम लागू होतो.

अमेरिकेत स्थलांतरितांची नावे आणखी बदलली. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख लोक क्वेबेकमधून तिकडे, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या गिरण्यांकडे गेले. तेथे ‘र्वा’चे ‘किंग’, ‘लब्लाँ’चे ‘व्हाइट’ आणि ‘ब्वाव्हेर’चे ‘ग्रीनवुड’ झाले. अशा वेळी इंग्रजी आडनावाचा फ्रेंच अर्थ शोधून पाहावा.

शोधाची सुरुवात आजी-आजोबांच्या विवाहापासून करावी. १८७१ ते १८९० दरम्यान सात खंडांत प्रसिद्ध झालेला सिप्रियँ तांगे यांचा वंशकोश, द्रुएँ संग्रहातील नोंदवह्यांच्या प्रतिमा आणि माँट्रियल विद्यापीठाची ऐतिहासिक लोकसंख्येची माहितीसूची ही प्रमुख साधने होत. कोशातील माहिती मूळ नोंदीशी ताडून घ्यावी. तसेच एका पूर्वजाची जितकी आडनावे आढळतील, तितकी सर्व टिपून ठेवावीत.