गाडी उभी करायची की माणसाला चालू द्यायचे? बाजारपेठेतील एका जुन्या वादाचा इतिहास

१/८
गाडी दुकानापुढे लावता आली नाही, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही व्यापाऱ्याची भीती भद्रावतीपासून पुण्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते. तिला हसून चालणार नाही. त्यावर त्याचे घर चालते. ती भीती कितपत खरी ठरली, याचा हा थ्रेड.

२/८
प्रारंभ शेजारच्या चंद्रपुरापासून. गोंड राजांच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा दरवाजा बांधला गेला तेव्हा मोटार अस्तित्वात नव्हती. आज तेथे वाहने तुंबतात, पण संरक्षित वास्तू रुंद करता येत नाही. जुन्या गावाची रुंदी पूर्वजांनीच ठरवून ठेवली आहे. वाद उरतो तो तिच्या वाटणीचा.

३/८
या वाटणीचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत झाला. बाजारभागातील कर्मचारी सकाळी गाडी लावत ती सायंकाळीच काढत. गिऱ्हाइकाला जागा उरत नसे. कार्ल मॅगी या वृत्तपत्र संपादकाने त्यावर उपाय पुढे आणला, आणि १६ जुलै १९३५ रोजी जगातील पहिले पार्किंग मीटर तेथे बसले. दर तासाला पाच सेंट. जागा तेवढीच राहिली, मात्र ती दिवसभर एकाच गाडीकडे अडकून पडेना.

४/८
पुढचे पाऊल कोपनहेगनने टाकले. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी तेथील स्ट्रॉयट हा सुमारे १.१ किलोमीटरचा बाजाररस्ता प्रायोगिक स्वरूपात मोटारींना बंद झाला. गाड्या गेल्या की गिऱ्हाईक जाईल, असे दुकानदारांचे म्हणणे होते. थंडीच्या देशात इटलीसारखे रस्त्यावर कोण रेंगाळणार, असाही आक्षेप होता. गर्दी मात्र वाढली, आणि १९६४ मध्ये व्यवस्था कायम झाली. त्यानंतर शहराने पार्किंग एकदम न हटवता वर्षागणिक थोडेथोडे कमी केले.

५/८
दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अमेरिकेतील कॅलामाझू येथे १९५९ मध्ये बाजाररस्ता पादचाऱ्यांना दिला गेला. पुढे सुमारे दोनशे शहरांनी अनुकरण केले, पण बहुतेक ठिकाणी वाहने परत आली. वस्ती आणि व्यापार तोवर उपनगरांकडे सरकले होते. चालत येणारी माणसेच जवळपास नसतील, तर रिकामा रस्ता दुकान चालवत नाही.

६/८
महाराष्ट्रात या वादाचे केंद्र पुणे. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या रचनेत रुंद पदपथ आणि त्यांच्या अधेमधे आखलेल्या पार्किंगच्या जागा, अशी तडजोड झाली. २०१८ चे सशुल्क पार्किंगचे धोरण विरोधामुळे मोजक्या रस्त्यांपुरते आकसले. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने ‘पादचारी दिन’ पाळला. लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांविना होता.

७/८
आता साधे गणित. एका मोटारीला उभे राहायला सुमारे २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात पाच-सहा दुचाकी मावतात. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. रस्त्यावरची जागा वाहनांपेक्षा माणसांना मिळावी, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्र. अर्थात, दुकानापुढची गाडी गिऱ्हाइकाचीच आहे का, हे आधी पाहावे लागते. कित्येकदा ती दुकानदाराची स्वतःचीच असते, आणि ओक्लाहोमाप्रमाणे सकाळपासून उभी असते.

८/८
भद्रावतीत आयुध निर्माणीचे कामगार, कोळसा खाणींतील कुटुंबे, खेड्यांतून येणारे शेतकरी आणि भद्रनाग, पार्श्वनाथ मंदिर व विजासन लेण्यांचे यात्रेकरू येतात. यांतील अनेकांची खरेदी पायी होते. म्हणून या इतिहासातून भद्रावतीसारख्या गावाने घ्यायचा क्रम असा: कोणती गाडी किती वेळ उभी असते ते आधी मोजावे, दुचाकी व मोटारींसाठी बाजाराच्या कडेला जागा नेमावी, मग एका रस्त्यावर ठरावीक दिवस प्रयोग करावा, आणि त्या दिवसांचा गल्ला व्यापाऱ्यांनीच मोजावा. कोपनहेगनचा निर्णयही दोन वर्षांच्या प्रयोगानंतरच कायम झाला होता.