फिल्म कॅमेऱ्याला ओलाव्याची बाधा : ओळख, उपाय आणि जपणूक

गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फिल्म कॅमेऱ्याला याच काळात सर्वाधिक धोका संभवतो. पावसात भिजलेला कॅमेरा तत्काळ लक्षात येतो. दमट हवेने आतून खराब होत गेलेला कॅमेरा मात्र उघडून पाहीपर्यंत कळत नाही.

आधी आतील फिल्म

जुना कॅमेरा हाती आल्यावर मागचे झाकण लगेच उघडू नये. ३५ मिलीमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात फिल्म परत गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. ताण जाणवल्यास आत फिल्म आहे असे समजावे. आगफा क्लिक थ्रीसारख्या १२० फिल्मच्या कॅमेऱ्यात मागील तांबड्या खिडकीत आकडा किंवा कागद दिसतो. उष्णता व ओलावा यांमुळे न धुतलेल्या फिल्मवरील सुप्त प्रतिमा क्षीण होत जाते. तरीही कृष्णधवल फिल्मवर अनेक वर्षांनंतरही चित्रे मिळू शकतात. म्हणून ३५ मिलीमीटरची फिल्म परत गुंडाळून, तर १२० ची शेवटपर्यंत पुढे गुंडाळून बाहेर काढावी आणि जुनी असल्याचे सांगून धुण्यास द्यावी.

भिंगावरील बुरशी

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे दीर्घकाळ राहिली, की भिंगावरची धूळ आणि बोटांचे तेलकट ठसे यांच्या आधाराने ते रुजतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंच्या रूपाने पसरते. कॅमेऱ्यात फिल्म नसल्याची खात्री करून शटर ‘बी’वर उघडे धरावे, भिंगाचे छिद्र पूर्ण मोठे करावे आणि विजेरीचा तिरपा झोत टाकावा, तंतू स्पष्ट दिसतात.

बाहेरच्या पृष्ठभागावरील बुरशी भिंगासाठीचा द्रव व मऊ कापड यांनी पुसता येते. आतील भिंगे उघडणे मात्र जाणत्या कारागिराचे काम आहे. बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप व पुढे काचही खरवडतात. बुरशी काढल्यावरही हे व्रण राहतात आणि उजेडासमोर घेतलेली चित्रे धूसर येतात. त्यामुळे बुरशी दिसताच सफाई करणे श्रेयस्कर.

इतर भाग

पडून राहिलेल्या अल्कलाइन सेलमधून क्षार गळतो आणि संपर्कपट्ट्यांवर पांढरा-हिरवट थर साचतो. कापसाच्या बोळ्याला किंचित व्हिनेगर लावून तो पुसावा व जागा कोरडी करावी. मागच्या झाकणाच्या खाचांतील फोम कालांतराने चिकट होऊन विरघळतो. मग आत उजेड शिरून फिल्म खराब होते. हा फोम बदलता येतो. एसएलआर कॅमेऱ्यातील आरसा मात्र कापडाने घासू नये, त्याचा मुलामा वरच्याच बाजूला असतो.

कॅमेरा भिजल्यास

प्रथम सेल काढावा, बाहेरील पाणी टिपून घ्यावे आणि शटर चालवून पाहू नये. केस वाळवण्याचे यंत्र किंवा कडक ऊन वर्ज्य; उष्णतेने आतील वंगण पातळ होऊन भिंगाच्या पात्यांवर पसरते. तांदळाच्या डब्यात ठेवल्यास पीठ व धूळ आत शिरते. समुद्राचे पाणी शिरले असेल, तर नुसते वाळवणे पुरेसे नाही. मागे राहिलेले मीठ ओलावा ओढत राहते व गंज चढतो. असा कॅमेरा विनाविलंब कारागिराकडे न्यावा.

फिल्मही भिजली असल्यास ती वाळू देऊ नये. वाळताना तिचे थर एकमेकांना चिकटतात. पूर्ण अंधारात ती काढून स्वच्छ थंड पाण्याच्या, उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवावी आणि त्याच अवस्थेत प्रयोगशाळेत पोहोचवावी.

जपणूक

कातडी पेटी ओलावा धरून ठेवते, म्हणून कॅमेरा तिच्यात ठेवू नये. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढी सामग्री पुरते. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. अतिशय कोरडी हवाही कातडी आवरणास व वंगणास मानवत नाही. निळे सिलिका जेल गुलाबी झाले, की त्याची शोषणशक्ती संपली असे समजून ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवावे. ते पुन्हा कामास येते. डांबरगोळ्या ओलावा शोषत नाहीत.

शीतकपाटातील फिल्म डबीतून काढण्यापूर्वी तासभर बाहेर ठेवावी, अन्यथा तिच्यावर दव धरते. सेल काढून ठेवलेला कॅमेरा महिन्यातून एकदा बाहेर काढून सर्व वेगांवर शटर चालवावे आणि भिंग उजेडात तपासावे.